दहावा नंबर

हिशेब तपासायचं काम वीस-बावीस वर्षं केलं की डोळ्यांना एक खोड लागते. समोर कुठलाही तक्ता आला की त्यात काय लिहिलंय ते वाचायच्या आधी क्रम नीट लागलाय का, बेरीज जुळतेय का, हेच बघितलं जातं. मग ती लग्नपत्रिकेतली आप्तेष्टांची यादी असो, एसटी स्टँडवरचं वेळापत्रक असो नाहीतर किराणा दुकानातलं बिल. घरचे हसतात. हसू देत.

चार वर्षांपूर्वी लेकीला शाळेत सूर्यमालेचा प्रकल्प होता. म्हणजे प्रकल्प तिचा आणि जागरण माझं. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातल्या लघुग्रहांचा तक्ता आम्ही उतरवून घेत होतो. ती सांगत होती, मी लिहीत होते. एक नंबर सेरेस, व्यास ९४० किलोमीटर. दोन पॅलस, ५१०. तीन जुनो, अडीचशेच्या आसपास. चार व्हेस्टा, ५२५. पुढचे पाच सगळे शंभर ते दोनशेच्या घरातले. आणि दहा नंबरला हायजिया, सुमारे ४३०.

माझा पेन थांबला. "हे चुकलंय बघ. ४३० वाली दहावी कशी? ती चौथी पाहिजे."

"आई, नंबर मोठेपणाचा नसतोय. सापडल्याचा असतोय. जो आधी सापडला त्याचा नंबर आधी."

लेकीचं बरोबर होतं. पण हिशेबनिसाचं समाधान एवढ्यानं होत नाही. सापडल्याचा नंबर, ठीक. मग एवढी थोरली वस्तू दहावी का सापडली? पाच ते नऊ नंबरचे पाचही जण तिच्या निम्म्यालासुद्धा येत नाहीत. धाकट्यांची पंगत उठून गेली आणि थोरलीला पान वाढलं, असं काहीतरी झालेलं दिसत होतं. प्रकल्प जमा झाला, गुण मिळाले, लेक ते सगळं विसरूनही गेली. माझ्या डोक्यातून मात्र तो दहावा नंबर जाईना.

हायजिया सापडली १२ एप्रिल १८४९ ला, इटलीतल्या नेपल्स शहरात. कापोदिमोंते नावाच्या टेकडीवरच्या वेधशाळेत अनिबाले दे गास्पारिस हा २९ वर्षांचा खगोलज्ञ काम करत होता. त्याचा हा पहिला लघुग्रह. पुढे त्यानं आणखी आठ शोधले. आपल्याकडे त्या वेळी पन्हाळ्याच्या गडकऱ्यांचा उठाव मोडून चार-पाच वर्षं झाली होती आणि कोल्हापूरच्या कारभारात कंपनी सरकारचा हात चांगलाच घुसला होता. नेपल्सवर राज्य बोर्बोन घराण्याचं. तेव्हा वेधशाळेच्या संचालकांनी नव्या लघुग्रहाला आरोग्याच्या ग्रीक देवतेचं नाव दिलं आणि त्याला मागून राजघराण्याचं शेपूट जोडलं : इजिया बोर्बोनिका. तीन वर्षांत जॉन रसेल हाइंड या इंग्रज खगोलज्ञानं लिहून टाकलं की हे शेपूट अनावश्यक आहे आणि कुणी ते वापरतही नाही. सेरेसचंही हेच झालं होतं. तिच्यामागे राजा फर्डिनांडच्या नावानं 'फर्डिनांडिया' लावलं होतं, तेही गळून पडलं. आमच्या कोल्हापुरात मिल, मार्केट यार्ड, स्टेडियम, जिकडे बघावं तिकडे शाहूंचं नाव आहे आणि ते कुणाला खरवडून काढावंसं वाटलेलं नाही. हा फरक कशाचा, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

लघुग्रह शब्द पुल्लिंगी आहे, ते मला ठाऊक आहे. पण देवतेचं नाव असल्यावर माझ्या तोंडी 'ती'च येतं.

तर ती उशिरा का सापडली? कारण ती काळी आहे. तिच्यावर सूर्याचा जेवढा प्रकाश पडतो त्यातला शंभरातला साताच्या आसपास भाग ती परत पाठवते, बाकीचा गिळते. व्हेस्टा शंभरातले चाळीसच्या वर परत करते, म्हणून खरोखर काळोख्या रात्री, नीट माहिती असली तर, व्हेस्टा नुसत्या डोळ्यांनी दिसू शकते. हायजिया कधीच नाही. शिवाय ती पट्ट्याच्या बाहेरच्या अंगाला, गुरूच्या बाजूला राहते. सूर्याभोवती एका फेरीला तिला साडेपाच वर्षं लागतात. लांब आणि त्यात काळी, म्हणजे दोन्हीकडून मार.

दुर्बिणीतून लघुग्रह बघणाऱ्याला फक्त एक ठिपका दिसतो आणि त्याची उजळी दिसते. आता तो ठिपका लहान आणि गोरा आहे की मोठा आणि काळा, हे नुसत्या उजळीवरून सांगता येत नाही. एका आकड्यात दोन अज्ञात लपलेले. असं खातं आमच्याकडं आलं तर आम्ही शेरा मारून परत पाठवतो. एकोणिसाव्या शतकातल्या लोकांना परत पाठवायची सोय नव्हती. त्यांनी उजळीवरून अंदाज बांधले. जुनो उजळ, म्हणून १८०४ मध्येच तिसऱ्या नंबरनं सापडली आणि सेरेस, पॅलस, व्हेस्टा यांच्या जोडीनं 'चार थोरल्यां'मध्ये बसली. त्या काळच्या पुस्तकांत या चौघींना चक्क ग्रहांच्या यादीत जागा होती. चौथी खुर्ची हायजियाची होती, बसली जुनो.

हे वाचलं तेव्हा मला एकदम मार्केट यार्ड आठवलं.

आमचे आबा गुळवे. म्हणजे आडनाव नव्हे, धंदा. पंचगंगेच्या काठानं चार-पाच गावांतल्या गुऱ्हाळांवर दसरा-दिवाळीपासून मार्च अखेरपर्यंत ते असायचे. गुऱ्हाळ ज्यानं बघितलं नाही त्याला वाटतं, उसाचा रस आटवला की गूळ होतो. दूध तापवलं की पेढा होतो म्हणण्यासारखंच आहे ते. घाण्यातून रस मांदणात यायचा, मांदणातून काहिलीत. खाली चुलवाणात चिपाडं सारणारा जाळव्या. रस तापायला लागला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस त्यात घालायचा, की सगळी मळी वर धरते. ती झाऱ्यानं काढत राहायची. मग उकळी, मग फेस, मग फेस बसतो, मग काहिलीतला आवाज बदलतो. सुरुवातीला खळखळ असते, शेवटी शेवटी नुसतं 'फद् फद्'. त्या आवाजाकडं आबांचा कान असायचा. हात थंड पाण्यात बुडवून ते उकळत्या पाकातून चिमूट उचलायचे आणि परत पाण्यात धरायचे. गोळी झाली, टण्ण वाजली, की हात वर. चार गडी काहील उचलून वाफ्यात ओतायचे. एक मिनिट आधी ओतलं तर गूळ बसत नाही, एक मिनिट उशीर झाला तर करपतो. त्या एका मिनिटाची मजुरी आबांना मिळायची.

आणि रंग? रंगासाठी पावडर. हायड्रॉस म्हणतात. खरं नाव सोडियम हायड्रोसल्फाइट. गंधकाचा क्षार आहे तो, उकळत्या रसातला रंग खाऊन टाकतो. टाकली की तांबडा-काळसर पाक डोळ्यांदेखत पिवळा होत जातो, लहानपणी मला ती जादू वाटायची. आबा घरच्यासाठी मात्र शेवटच्या आदणातला, म्हणजे शेवटी चढवलेल्या काहिलीतला, बिनपावडरचा गूळ आणायचे. तो काळपट, जरा मऊ. दिवाळीला पाहुणे आले की आई तो गूळ मागं सरकवायची आणि विकतचा पिवळा पुढं ठेवायची.

मी सहावीत होते. एका गुऱ्हाळमालकानं आबांच्या आग्रहाखातर एक अख्खं आदण बिनपावडरचं काढू दिलं. आबा मला घेऊन यार्डात आले. सकाळची वेळ. गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, रांगा, प्रत्येक रांगेसमोर एक रवा फोडून ठेवलेला, आणि सौदे सुरू. माणसांचा घोळका एका रांगेपुढून दुसऱ्या रांगेपुढं सरकतोय. घोळका कुठं थांबतो आणि कुठं नुसता रेंगाळल्यासारखं करून पुढं जातो, हे मी त्या दिवशी बघितलं. पिवळ्याधमक रव्यापुढं बोली चढत जायची. आमच्या रांगेशी घोळका आला. एका व्यापाऱ्यानं खडा उचलला, चाखला, परत चाखला. "चव झकास हाय," तो म्हणाला. आणि तीन नंबरचा भाव लावला.

आबांना काहीच बोलायचं नव्हतं, कारण बोलायला काही नव्हतंच. व्यापारी खोटं बोलला नव्हता. पुढं गिऱ्हाईक पिवळा मागतं, तो काळा घेऊन काय करेल? मालकही आरडाओरडा करणारा नव्हता. परत येताना ट्रॉलीत एवढंच म्हणाला, "फुडच्या आदनाला पावडर घाला म्हंजे झालं." मला राग आला होता तो कुणावर ते आजही धड सांगता येत नाही. एक मात्र नंतर कळलं. पावडरीचा पिवळेपणा टिकत नाही. पावसाळी हवा लागली की तो गूळही हळूहळू काळवंडत जातो. पण तोवर तो विकला गेलेला असतो.

हे सगळं आठवून मी जुनोला मनातल्या मनात 'पिवळा रवा' म्हणू लागले. तिचा काही दोष नाही हे मान्य. ती जन्मतःच उजळ कातीची आहे, कुणी तिला पावडर लावलेली नाही. पण नाव पडलं ते पडलं.

हिशेब दुरुस्त कसा झाला, ती गोष्ट मला सगळ्यात आवडते. पंचगंगेच्या घाटावर उन्हाळ्यात दिवे लागायच्या वेळी कधी बसला असाल तर काळ्या पायऱ्या आठवतील. सूर्य बुडून तासभर झालेला असतो, वारा गार असतो, आणि खालचा दगड अजून कोमट. दिवसभर जे ऊन त्या काळ्या दगडानं गिळलं ते तो आता परत देतो, उजेडाच्या रूपात नाही, उबेच्या रूपात. लघुग्रहांचंही तसंच. जो प्रकाश परत पाठवला नाही तो जातो कुठं? तो अंगात मुरतो, अंग तापतं, आणि ती ऊब अवरक्त किरणांच्या रूपानं बाहेर पडते. डोळ्याला ती दिसत नाही, पण योग्य यंत्राला दिसते. मग दोन आकडे मिळतात : किती प्रकाश परत आला आणि किती ऊब बाहेर पडली. दोन अज्ञात, दोन समीकरणं. खातं जुळलं.

१९७० च्या दशकात हे मोजमाप नीट सुरू झालं. १९८३ मध्ये आयरास नावाचा उपग्रह अवरक्त किरणांत आकाश धुंडाळायला गेला आणि त्यानं लघुग्रहांच्या ऊबेची मोठी नोंदवही तयार केली. या मोजमापांनी थोरल्या-धाकट्यांची यादी पुन्हा लिहिली गेली. जुनो पहिल्या चारांतून उठून दहाच्या आसपास गेली. हायजिया चौथी. सापडल्यापासून जवळजवळ सव्वाशे वर्षांनी.

दुसरीही गंमत निघाली. पट्ट्यातले बहुतेक जण काळेच निघाले. साधारण चारातले तीन लघुग्रह हायजियाच्या जातीचे, कार्बनवाले. बाहेरच्या अंगाला तर त्यांचंच राज्य. उजेडात मोजणी केली म्हणून गोरे जास्त दिसत होते इतकंच.

या काळ्यांपैकी एक आपल्या देशातून सापडलेली आहे, हे किती जणांना माहीत असेल? मद्रासच्या वेधशाळेत नॉर्मन पॉगसन नावाचा इंग्रज खगोलज्ञ होता. १८६१ मध्ये त्यानं तिथून एक लघुग्रह शोधला, आशिया खंडातून सापडलेला पहिला, म्हणून नावच 'एशिया'. आणि १८६६ मध्ये तिथूनच 'सिल्व्हिया', हायजियापेक्षाही लांब, तिच्यापेक्षाही काळी. या सिल्व्हियाभोवती दोन चंद्र फिरतात. दोन चंद्र असलेला लघुग्रह म्हणून पहिला मान तिचा. मद्रासच्या दमट हवेत, त्या काळच्या दुर्बिणीतून एवढा मिणमिणता ठिपका टिपायचा म्हणजे केवढी चिकाटी लागली असेल. आमच्या शाळेत सर्व ग्रह पाठ करून घेतले, यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही. जयंत नारळीकरांचा जन्म ज्या गावात झाला त्या गावातल्या शाळेची ही गोष्ट.

हायजिया किती मोठी? कोल्हापूरहून रस्त्यानं मुंबईला जायचं आणि वर आणखी पन्नासेक किलोमीटर, एवढा तिचा व्यास. पण अंग हलकं. पाण्याच्या जेमतेम दुप्पट जड, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या दगडापेक्षा बरीच हलकी. तिच्या खडकांत पाणी मुरलेलं आहे. तिच्यावर ३० किलोचा गुळाचा रवा नेऊन तोलला तर साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरेल. लेकीनं हे ऐकून विचारलं, मग तिथला भाव काय धरायचा? मी म्हटलं, वजनावर नाही, रव्यावर.

२०१७-१८ मध्ये चिलीतल्या एका मोठ्या दुर्बिणीनं हायजियाचे पहिल्यांदाच स्पष्ट फोटो घेतले. शास्त्रज्ञ एक खड्डा शोधत होते. कारण असं, की हायजियाच्या आजूबाजूला तिच्याच कक्षेसारख्या कक्षांत तिची सात हजारांच्या आसपास पिल्लं फिरतात. कधीतरी तिला कुणीतरी जोरात धडकलं आणि हे तुकडे उडाले, एवढं नक्की. व्हेस्टाला अशीच धडक बसली तेव्हा तिच्या बुडाशी ५०० किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला, तो आजही आहे. हायजियावर तसा खड्डा हवा होता. नव्हता. दोनच खड्डे दिसले, दोन्ही किरकोळ. वर ती जवळपास गोल निघाली, गोलाईत सेरेसच्या तोडीची.

मग संगणकावर ती टक्कर पुन्हा पुन्हा घडवून बघितली. उत्तर आलं ते असं : सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी ७५ ते १५० किलोमीटरचा एक धोंडा मूळच्या हायजियावर समोरासमोर आदळला. खड्डा पडला नाही, कारण खड्डा पडायला काही उरलंच नाही. ती सगळीच फुटली. मग आपल्याच गुरुत्वानं तो सगळा चुरा परत गोळा झाला, पाकासारखा वाहत वाहत एका ठिकाणी आला आणि गोल बसला. जे बाहेर राहिलं ते आजचं तिचं गोत. म्हणजे आज दिसते ती हायजिया म्हणजे जुन्या हायजियाचं मोडून पुन्हा बसवलेलं आदण.

गोल आहे म्हटल्यावर तिला बटुग्रह म्हणावं का, ही चर्चा सुरू झाली. २००६ च्या व्याख्येत सूर्याभोवती फिरणं, गोल असणं, कुणाचा चंद्र नसणं आणि आपल्या वाटेवरचा परिसर साफ केलेला नसणं एवढं लागतं. हायजिया सगळ्यांत बसते. पण अजून तिचं नाव अधिकृत यादीत नाही. यादीत पट्ट्यातली एकटी सेरेस आहे. मला याची घाई नाही. या बाईला याद्यांबाहेर थांबायची सवय आहे.

काळेपणा कशाचा, ते मी शेवटी वाचलं, कारण मला वाटत होतं ते माहीतच आहे. कार्बन म्हणजे कोळसा, झालं. १९९७ मध्ये एक यान माथिल्ड नावाच्या काळ्या लघुग्रहाजवळून गेलं, तेव्हा तिच्या खड्ड्यांना जगातल्या कोळशाच्या पट्ट्यांची नावं दिली. त्यात एक नाव दामोदर, आपल्याकडच्या दामोदर खोऱ्याचं. पण तो नुसता कोळसा नाही. हायजियापर्यंत अजून कुणी गेलेलं नाही, पण तिच्या भावकीतल्या दोन छोट्या लघुग्रहांची माती पृथ्वीवर आली आहे. जपानच्या यानानं २०२० मध्ये र्‍युगूची साडेपाच ग्रॅमच्या आसपास माती आणली, अमेरिकेच्या यानानं २०२३ मध्ये बेनूची १२१ ग्रॅम. एवढ्याशा मातीसाठी वर्षानुवर्षं आणि हजारो कोटी. सोन्याचा भाव त्यापुढं चिल्लर. आणि काही वेळा हा माल आपल्या पायानं येतो : २०१७ च्या जूनमध्ये जयपूरजवळच्या मुकुंदपुऱ्यात एका शेतात काळा दगड आकाशातून पडला, याच जातीचा. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडला तोही.

या काळ्या मातीत चिकणमातीसारखी खनिजं आहेत, जी पाण्याशिवाय होत नाहीत. क्षार आहेत. ज्या २० अमायनो आम्लांपासून आपली प्रथिनं बनतात, त्यातली १४ बेनूत सापडली. डीएनए आणि आरएनए ज्या पाच अक्षरांत लिहिले जातात ती पाचही. आणि साखर. २०१९ मध्ये मर्चिसनच्या दगडात रायबोज ही साखर सापडली होती. २०२५ च्या अखेरीस बेनूच्या मातीत रायबोजबरोबर ग्लुकोजही सापडलं.

ते वाचलं त्या रात्री मी आबांना उठवलंच. "आबा, त्या काळ्या दगडात साखर सापडली."

आबांनी कूस बदलली. "काळ्यात असतीयाच," म्हणाले आणि झोपले.

आमच्या ऑफिसात एक सर आहेत, हौशी आकाशवाले. त्यांची सहा इंची दुर्बीण. मी त्यांच्या मागं लागले होते की मला हायजिया बघायची आहे. त्यांनी आधी टाळलं. "मॅडम, शनी बघा, त्याची कडी बघा. हायजिया म्हणजे ठिपका. बघून काय करणार?" मी म्हटलं, ताळा करायचाय. एका मार्चमध्ये ती सूर्याच्या बरोबर समोर आली, अमावास्याही जवळ होती, आणि आम्ही मसाई पठारावर गेलो.

पन्हाळ्याच्या पुढं हे पठार. सिद्दीचा वेढा फोडून महाराज विशाळगडाकडं गेले ते याच वाटेनं. जांभ्याचा सपाट माळ, वारा असा की टोपी टिकत नाही. पूर्वेला कोल्हापूरचा आणि शिरोलीच्या कारखान्यांचा तांबूस उजेड क्षितिजावर चढलेला, त्याला पाठ करून दुर्बीण लावली. उत्तरा फाल्गुनीच्या खालच्या बाजूला, सिंह आणि कन्येच्या शिवेवर. सरांनी नकाशावरून तो तुकडा धरला आणि म्हणाले, "यातली एक ती आहे. कुठली ते आज कळणार नाही." तिथं पंधरा-वीस ठिपके होते, सगळे सारखे. लघुग्रह ओळखायची जुनी रीत हीच. आज चित्र काढा, पुन्हा एका रात्री काढा, जो जागेवर नाही तो आपला. दे गास्पारिसही हेच करत होता. मी टॉर्चला लाल कागद गुंडाळून, गुडघ्यावर वही ठेवून सतरा ठिपके काढले.

दोन रात्रींनी परत गेलो तेव्हा आबा बरोबर आले. हंगाम नुकताच संपला होता. ते स्वतः आता गुऱ्हाळावर जात नाहीत, पण गावातलं गुऱ्हाळ बंद होईपर्यंत गाव सोडत नाहीत. घोंगडं पांघरून गाडीत बसले. डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मला वाटलं त्यांना काही दिसणार नाही. सरांनी दुर्बीण लावली, मी आधी बघितलं. सतरा ठिपके मोजले. सतराच होते. वहीत बघितलं, परत दुर्बिणीत, परत वहीत. वीस वर्षं चुका शोधून पगार घेतलेली बाई मी, आणि मला फरक सापडेना.

"सर, मला बघू का जरा," आबा म्हणाले.

वाकून बघत राहिले. बराच वेळ. वाऱ्यानं घोंगडं फडफडत होतं. काहिलीजवळ उभे राहायचे तसेच उभे होते, अंग जरा पुढं झुकलेलं, एक हात मागं. मग वही मागितली. लाल उजेडात ती डोळ्याजवळ धरली, परत वाकले.

"हितं एक हुता, त्यो न्हाई," वहीवर बोट ठेवून ते म्हणाले. "आनि तिकडं उजव्या अंगाला एक जादा हाय. हा हललाय."

सरांनी मोबाइलवर नकाशा काढून जुळवलं. मान हलवली. दोन रात्रींत ती जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढी सरकली होती. तिच्यापासून निघालेला उजेड आमच्यापर्यंत यायला सोळा मिनिटं लागली होती, अंतर तीस कोटी किलोमीटरच्या जरा आत. हे सगळं मी आबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"ह्योच का तुझा काळा? मग चकाकतोय की."

"शंभरातले सात, आबा. बाकी त्र्याण्णव ती ठेवून घेते."

"बरं करती." थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, "परत कवा येनार ह्यो?"

"सव्वा वर्षानं. पुढच्या खेपेला आणखी जवळ असेल. यापेक्षा उजळ दिसेल."

आबांनी बोटांच्या पेरांवर महिने मोजले. गुऱ्हाळाचा एक हंगाम, उन्हाळा, मग पुढचं.

"म्हंजे मिरगाच्या तोंडाला. ढगात काय दिसनार?" ते म्हणाले आणि घोंगडं सावरून परत दुर्बिणीला डोळा लावला. "मग आत्ताच नीट बघून घेतो. हलवू नगासा."